दार उघडंच टाकलंत?

माझी बोलणी माझ्याच पोराने जगभर वाटून टाकली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तो लागला तोही माझ्याच दुकानात, इस्त्रीच्या वाफेत उभी असताना.

आमची लॉन्ड्री आहे. खाली दुकान, वर राहायची जागा, मधे लाकडी जिना आणि जिन्याच्या टोकाला एक दार. ते दार आमच्या घरातल्या एकाही पुरुषाने आजवर स्वतःहून लावलेलं नाही. काउंटर मी सांभाळते. धुणं आणि इस्त्री आमचे हे सांभाळतात. ह्यांना कमी ऐकू येतं. आधी चांगलं यायचं, लग्नानंतर हळूहळू कमी झालं. डॉक्टर म्हणतात मशीनच्या घरघरीने. बाकीचे लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण माझ्या तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही.

मुलगा वरच्या खोलीत बसतो. त्याला मी शहाणा म्हणते, कारण तो आहे आणि नाहीही. त्याने संगणकाची भाषा केली. म्हणजे यंत्राला कामं सांगायची तर एका ठरलेल्या भाषेत ओळी लिहाव्या लागतात, आणि त्या सगळ्या भाषा परक्या. ह्याच्या मनाने घेतलं की आपल्या बोलीत का नाही? म्हणून त्याने आपले साधे शब्द घेऊन नवी भाषा बांधली आणि तिचं नाव ठेवलं चिमटा. कुणीही तिच्या वेबसाइटवर यावं, फुकट शिकावं, फुकट न्यावं. पोटासाठी तो दुसरीकडे काम करतो. उरलेला जीव सगळा चिमट्यात. लग्न ठरलं तेव्हा मी सूनबाईला स्पष्ट सांगितलं होतं, "सवत घरात आधीच आहे, बघ बाई."

सूनबाई वेबसाइटी करते. दवाखान्यांच्या, हॉटेलांच्या, कुणाकुणाच्या. पण नवऱ्याच्या वेबसाइटला तिने कधी बोट लावलं नव्हतं, कारण त्याने लावू दिलं नव्हतं. मी म्हणायचे, न्हाव्याच्या बायकोचे केस वाढलेले तसं हे. ती हसायची नाही. फार मुखदुर्बळ पोरगी. मी दहा वाक्यं बोलावीत तेव्हा तिचं एक "हो आई" निघायचं. मला वाटायचं, हिच्या डोक्यावरून जातं सगळं.

मग एका कॉलेजातल्या प्राध्यापिकाबाईंचा निरोप आला. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यांना चिमटा शिकवायची होती. त्यांनी काही विद्यार्थ्यांना वेबसाइटवर बसवून पाहिलं. अर्धे पहिल्याच पानावरून परतले. जे आत गेले ते पहिली चूक होताच घाबरून उठले. बाईंनी लिहिलं, भाषा चांगली आहे, पण दारातच माणूस पळतो. सत्र सुरू होण्याआधी वेबसाइट माणसांत आणा, मी येऊन स्वतः बघेन. नाहीतर मला दुसरी भाषा घ्यावी लागेल.

शहाण्याने हे आम्हाला जेवताना सांगितलं. "नवीन माणूस येतच नाही, आई. जुने एकेक करून गळतायत. ही मुलं आली नाहीत तर चिमटा मिटला. मी बंद करून टाकीन." आणि तो खाली मान घालून जेवला. त्या दिवशी मी आमटीत मीठच घातलं नव्हतं. त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने वेबसाइट सूनबाईच्या हवाली केली. आणि तिसऱ्या दिवशी दोघांचं वाजलं.

मी खाली एका कोटाची कॉलर दाबत होते. वरचं दार अर्थात उघडं. शहाण्याचा आवाज आला, "ते काढायचं नाही. तेच तर चिमट्याचं वैशिष्ट्य आहे."

सूनबाईचा आवाज, हळू पण ठाम. असा तो मी पहिल्यांदाच ऐकला. "नवीन मुलगी पहिली ओळ लिहिते, एक कंस बंद करायचा राहतो, आणि पानावर येतं, 'दार उघडं टाकून गेलास! तुझ्या मागे कोण लावणार?' तिने काय समजायचं?"

माझी इस्त्री हवेतच राहिली. अगं बाई, हे तर माझं वाक्य!

"आणि हे," ती म्हणाली, "'शून्य जणांत वाटणी? कोणाच्या ताटात वाढू, भिंतीच्या?' आणि हे, 'तेच तेच किती वेळा सांगशील, कान किटले माझे.'"

माझं. माझं. आणि तेही माझंच.

मी इस्त्री उभी केली नि जिना चढले. ह्यांनी विचारलं, "काय जळलं?" मी म्हटलं, "अजून नाही."

वर शहाण्याने कबुली दिली. माणसाकडून चूक झाली की यंत्र ती सांगतं. बाकीच्या भाषांतली यंत्रं म्हणे कोर्टातल्यासारखी बोलतात, ह्याने ती जागा माझ्या बोलण्यांनी भरली. लहानपणापासून ऐकलेली सगळी तोंडपाठ होतीच. जुन्या लोकांना ती इतकी आवडली की कुठल्या दूरच्या गावातला कुणी माणूस चूक झाली की बायकोला हाक मारतो, "ये गं, म्हातारी आज काय म्हणतेय बघ."

"म्हातारी?" मी म्हटलं.

"प्रेमाने म्हणतात गं."

रागावू की फुलू ते मला ठरवता येईना. खरं सांगायचं तर फुललेच. चौथीत शाळा सुटली माझी, आणि माझं वाक्य न पाहिलेल्या गावांत लोक वाचतायत! मी पदव्या टांगलेल्या भिंतीखाली बसल्यासारखी खुर्चीत ताठ बसले. आणि त्याच क्षणी सूनबाई म्हणाली, "आई, ते काढावं लागणार आहे."

"कुठलं?"

"सगळं."

"आणि त्याच्या जागी काय घालणार?"

तिने दाखवलं. फिक्या निळ्या पट्टीत लिहिलं होतं, 'क्षमस्व. एक त्रुटी आढळली आहे.'

"क्षमस्व?" मी म्हटलं. "चूक करणारी मी, आणि माफी यंत्र मागतंय? अशाने उद्या हेच गिऱ्हाईकाच्या पाया पडेल." आणि मी उतरले खाली, दार लावून, जोरात.

त्यानंतर सूनबाईशी मी बोलणं टाकलं. म्हणजे बोलायचे, पण ह्यांच्यामार्फत. ती समोर उभी असताना मी म्हणायचे, "त्यांना म्हणावं, चहा झालाय." हे म्हणायचे, "कोट? कुणाचा कोट?" ती आपली मुकाट चहा घ्यायची. एकदा मी म्हटलं, "त्यांना म्हणावं, ज्यांना आमचं बोलणं टोचतं त्यांनी कानात बोळे घालावेत," तर ह्यांनी खरंच शोधून कापसाचे बोळे आणून तिच्या हातात दिले. तिने ते घेतले आणि "थँक्यू बाबा" म्हणाली. मला हसू आलं ते मी शर्टांच्या रांगेत तोंड घालून संपवलं.

प्राध्यापिकाबाई यायचा रविवार जवळ आला. शहाणा ना खाई ना बोले. आणि मग सूनबाई दुकानात आली, काउंटरच्या गिऱ्हाईकाच्या बाजूला उभी राहिली आणि थेट माझ्याशी बोलली.

"आई, मला एक माणूस हवाय. ज्याने ही वेबसाइट कधी वापरली नाही, ज्याला ह्यातलं काहीही येत नाही आणि जो माझी भीड ठेवणार नाही."

"तिसरी अट पुरी करणारी मी एकटीच," मी म्हटलं.

"म्हणूनच आले."

"करायचं काय?"

"बसायचं, आणि मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. काहीही. मी मागे बसेन. तुम्ही अडलात तरी मी एक शब्द बोलणार नाही, नाहीतर लोक कुठे अडतात ते मला कळणार नाही. कामाची पद्धतच आहे ही आमची."

मी मनात म्हटलं, ह्यात मला अवघड असं काहीच दिसत नाही. आयुष्यभर हेच केलं. मी बोलायचं आणि हिने गप्प बसायचं, त्याला हे लोक काम म्हणतात!

दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा काउंटर ह्यांच्यावर टाकून मी वर गेले. तिने आधी जुनं पान लावलं, शहाण्याने केलेलं, जसंच्या तसं. मला म्हणाली, "यंत्राकडून एवढंच लिहून घ्या, दुकान उघडं आहे." आणि मागे जाऊन, हात मांडीवर ठेवून बसली.

मी चष्मा लावला.

"काळ्यावर हिरवी अक्षरं," मी म्हटलं. "शेवाळ धरलंय का ह्याला? कुठून सुरू करायचं इथे? केवढं लिहिलंय... 'मी ही भाषा का केली.' अरे, केलीस तर केलीस! आलेल्या माणसाने आधी तुझी कहाणी ऐकायची? आमच्या पाटीवर मी सासऱ्यांचा इतिहास लिहिलाय का? काउंटरवर माणूस आला की मी एकच विचारते, द्यायचंय की न्यायचंय. इथे ते विचारायला कुणी उभंच नाही."

मागून कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला. मी वळले तर तिने पेन्सिल थांबवली. चेहरा भिंतीसारखा.

खूप खाली एक चौकोन सापडला. तिथे ओळी लिहायच्या. मोबाइलवर मी एका बोटाने लिहिते, तसंच लिहिलं. वर उदाहरण होतं ते बघून, लिही, मग कंस, मग दुकान उघडं आहे. आणि 'चालव' असं बटण होतं ते दाबलं.

लाल अक्षरं आली. दार उघडं टाकून गेलास! तुझ्या मागे कोण लावणार?

मी वळून पाठीमागच्या दाराकडे पाहिलं. बंद होतं.

"लावलंय की!" मी यंत्राला म्हटलं. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. मी उठले, दार ओढून पाहिलं, कडी घातली, येऊन बसले, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"आणि गेलास काय, गेलास? मी काय बाप्या आहे? कुणाशी बोलतोयस तू?"

सूनबाईने खालचा ओठ दातांत धरला होता. हसू आवरत होती की काय, कळेना. बोलली मात्र नाही.

मी चिडून शब्द बदलले. 'लिही' काढून 'सांग' लिहिलं. लाल अक्षरं म्हणाली, हे कोण? कुणाला घरात घेऊन आलास?

आता मात्र माझ्या कानशिलाला चटका बसला. माझ्या घरात कुणाला आणायचं ते हा मला विचारणार? मी चष्मा काढून टेबलावर आपटला.

"नुसता तोंड टाकतोय! पुढे काय करू ते सांगत नाही. दार म्हणजे काय, कुठलं दार, कसं लावू, काही नाही. ओरडून झालं की गप्प. मी अशी बोलते का कधी? माणसाला झापायचं तर त्याला पुढचं सांगायला नको?"

मग खुर्ची सरकली. सूनबाईने स्वतःचा नियम मोडला.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही अशा नाही बोलत. तुम्ही नेहमी पुढचं सांगता."

मी तिच्याकडे पाहिलं.

"लग्नानंतर मी पहिल्यांदा खाली इस्त्री करायला बसले होते ना, आणि रेशमी शर्टावर इस्त्री तशीच ठेवून बाहेर बघत राहिले. तुम्ही म्हणालात, 'डोळे बाहेर वाळत घातलेस का?' मला रडू फुटणार होतं. पण तुम्ही श्वाससुद्धा न घेता पुढे म्हणालात, 'हात मागे घे. ओलं फडकं टाक वर. आता कडेने दाब, मधे नको.' तो शर्ट वाचला." ती थांबली. "दार उघडं राहिलं की तुम्ही म्हणता, 'तुझ्या मागे कोण लावणार,' आणि मग म्हणता, 'परत जा, शेवटचं कुठलं उघडलंस ते बघ, तेवढंच लाव.' अनोळखी कुणाला आणलं की म्हणता, 'हे कोण,' आणि मग, 'आधी ओळख करून दे, मग आत आण.' आई, अगदी हेच करायचं असतं चिमट्यात. शब्दाची आधी ओळख करून द्यायची, मग वापरायचा."

"मग ह्या शहाण्याने ते का नाही घातलं?"

"त्याने तुमचं पहिलं वाक्यच ऐकलंय. दुसऱ्या वाक्याला तो जिन्यात असायचा."

मी कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसत राहिले. तो अगदी स्वच्छ होता, तरी पुसला. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझं बोलणं ह्या पोरीच्या अंगावरून ओघळून जातं. आणि हिच्यापाशी ते शेवटपर्यंत होतं. घडी घालून ठेवल्यासारखं.

"हाक मार त्याला," मी म्हटलं.

शहाणा आला. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याला आधी पटेना. म्हणाला, "दुसरं वाक्य असायचं? मला तर आठवतच नाही." मी म्हटलं, "पळणाऱ्याच्या पाठीला कान नसतात रे." तो ओशाळून हसला, तेव्हा किती दिवसांनी त्याचे दात दिसले.

पण त्याच्या बाजूचंही सूनबाईने ऐकलं, हे मी सांगितलं पाहिजे. ती म्हणाली, "माझं 'क्षमस्व'ही चुकीचंच होतं. त्यातही पुढचं काही सांगितलेलं नव्हतं. मी फक्त आवाज खाली केला होता." शहाणा तिच्याकडे बघत राहिला. नवराबायकोने एकमेकांकडे असं बघायला लागलं की सासूने खिडकीबाहेर बघावं, तेवढं मला कळतं.

मग कामाला लागलो. तिने पहिलं पान नवं मांडलं. पांढरं, मोकळं. मधोमध लिहायचा चौकोन, जेणेकरून आलेल्याने आल्या आल्या एक ओळ लिहून पाहावी. त्याखाली दोनच वाटा, 'शिकायचंय' आणि 'येतं मला'. शहाण्याची कहाणी आतल्या पानावर गेली. ती जाताना त्याने असं तोंड केलं, जसं काही आम्ही त्याला पोरका करून बोर्डिंगात घातलं. जुन्या मंडळींना पत्रं गेली, त्यांनी कुरकुर केली, पण म्हातारी राहणार म्हटल्यावर मानलं.

अडलं ते 'गेलास'पाशी.

"बाईंच्या वर्गात मुली जास्त आहेत," सूनबाई म्हणाली. "प्रत्येक चुकीला यंत्र त्यांच्याशी मुलगा समजून बोलणार. आईंनासुद्धा ते पहिल्या झटक्यात खटकलं."

"मग विचारून घेऊ," शहाणा म्हणाला. "आल्या आल्या. मुलगा की मुलगी."

"दारातच?" मी म्हटलं. "माणूस एक सदरा द्यायला आलाय, आणि तू आधी त्याची चौकशी करणार?"

"मग दोन्ही लिहू. गेलास, तिरकी रेघ, गेलीस."

"झापताना मधे तिरकी रेघ ओढायची? धार राहील का त्याला?"

'जाणे झाले आहे' असलं काहीतरी शहाण्याने सुचवलं, ते ऐकून माझ्या दाढा आंबल्या. झापणं म्हणजे समोरच्या माणसाला झापणं. समोर माणूसच नाही असं बोलायचं तर मग ते नोटीस बोर्डावर चिकटवा.

तेवढ्यात हे वर आले. हातात इस्त्रीचे कपडे, तोंडाने शीळ. कपडे पलंगावर ठेवले आणि जिन्याचं दार सताड उघडं ठेवून परत निघाले. खालून वाफेचा लोट आत.

मी म्हटलं, "दार उघडंच टाकलंत? राहू द्या, राहू द्या. खालची वाफ वर येऊन आम्हालाच इस्त्री होईल. मागे वळा, कडी हातात धरा, ओढा."

ह्यांनी मागे वळून, कडी धरून दार ओढलं. ह्यांना ऐकू येतं, माझं दुसरं वाक्य तर हमखास येतं.

मी पुन्हा टेबलाकडे वळले तर सूनबाई डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती.

"टाकलंत," ती म्हणाली.

"काय?"

"आई, टाकलंत! बाबांना तुम्ही अहोजाहो करून झापता. टाकलंत, गेलात, आणलंत. ह्यात बाई-पुरुष काही नाही. आणि धार तर..." तिने शब्द शोधला. "जास्तच आहे."

आहेच मुळी. पोराला 'अरे' म्हणून कोणीही झापतं. मान राखून झापायला अंगात कसब लागतं. ते मी नवऱ्यावर आणि गिऱ्हाईकांवर घोटून घोटून बसवलंय. माझी खरी चांगली बोलणी सगळी अहोजाहोतच आहेत. शहाण्याने आजवर लोकांना दाखवला होता तो नुसता शिळा माल.

मग काय, मी बोलत सुटले आणि सूनबाई लिहीत. 'दार उघडंच टाकलंत? राहू द्या, वारा येईल. तिसऱ्या ओळीत कंस उघडलात, तो बंद करा.' 'पाहुणे कोण म्हणायचे? आधी ओळख करून द्या, मग आत आणा.' 'तेच तेच ऐकवताय. थांबायचं कुठे ते ठरवून या.' दोन ठिकाणी ती म्हणाली, "हे फार लागेल, आई," आणि मी म्हटलं, "लागू दे," आणि ती म्हणाली, "नाही." मी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली केली नाही. मी ती दोन वाक्यं मागे घेतली. ह्यांच्यासाठी ठेवली, वाया कशाला घालवा.

रविवारी प्राध्यापिकाबाई आल्या. उंच, पातळ ओठांच्या, हातात घडीची छत्री. बसायच्या आधी त्यांनी खुर्ची पुसली, तेवढ्यावरून मला त्या बऱ्या वाटल्या. सूनबाईने सगळ्यांना आधीच बजावलं होतं, त्या बघत असताना कुणी बोलायचं नाही. सगळ्यांना म्हणजे कुणाला, ते मला समजलं होतं.

देवाशपथ सांगते, एवढं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही. बाई चौकोनात लिहीत होत्या, मुद्दाम चुका करत होत्या, जशा त्यांच्या मुली करतात तशा. लाल अक्षरं यायची. त्या वाचायच्या. ओठांची रेघ हलायची नाही. दार उघडंच टाकलंत आलं, वाचलं, कंस लावला, पुढे. पाहुणे आले, ओळख करून दिली, पुढे. एक 'हं' नाही. माझ्या जिभेला मुंग्या आल्या. शहाणा भिंतीला टेकून उभा होता आणि त्याचा रंग त्या भिंतीचाच झाला होता. मला वाटलं, संपलं. हिला झापलेलं चालत नाही. माझ्या जिभेने माझ्याच पोराचं घर बुडवलं.

मग बाईंनी पानाचा पत्ताच चुकीचा लिहिला. जे पान वेबसाइटवर नाहीच, त्याचा काहीतरी. 'चालव' नाही, काही नाही, नुसता चुकीचा पत्ता. एक पान उघडलं. त्यावर मोठ्या अक्षरात होतं:

पत्ता चुकलात. चुकतो माणूस. पण विचारायला जीभ झिजते का तुमची? पहिल्या पानावर या, सांगते.

बाईंच्या तोंडातून फसकन हसू निघालं. मग त्या मोठ्याने हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले. "हे माझ्या वर्गाच्या दारावर लावायला हवं," त्या म्हणाल्या. "दोन दोन महिने पोरं चुकीच्या वाटेने जातात, पण विचारत नाहीत. नुसती घाबरतात." आणि त्या शहाण्याकडे वळल्या. "पुढच्या सत्राला चिमटाच घेऊ. मुलींना कळेल की चुकलं तर ओरडा बसतो, पण कुणी हाकलत नाही."

शहाणा "हो" म्हणाला की "बरं" म्हणाला ते त्यालाच माहीत. तो जाऊन खिडकीपाशी उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

"हे शेवटचं वाक्य कुणाचं?" बाईंनी विचारलं. "आजींचं ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते पान पुन्हा वाचलं. माझं नव्हतं. मी तसं कधी म्हणाले नव्हते. ते कुणी, कुणाला उद्देशून लिहिलं असेल तेही मला एकदम कळलं, कारण आमच्या घरात एक माणूस इतकी वर्षं काही न विचारता मुकाट चहा घेत होतं, आणि मीही त्याला कधी काही विचारलं नव्हतं.

"माझं नाही," मी म्हटलं. "सूनबाईचं आहे." मग राहवलं नाही म्हणून जोडलं, "वळण आमच्या घरचं आहे. पण वाक्य तिचं."

सूनबाई लाल झाली. हे कधी वर आले होते कोण जाणे, दारात उभे होते. म्हणाले, "काय म्हणाल्या बाई?"

मी तोंड उघडलं होतं. पण माझ्याआधी सूनबाई म्हणाली, खणखणीत, खालच्या काउंटरपर्यंत ऐकू जाईल अशी, "बाबा, चांगलं म्हणाल्या! आत या, बसा. आणि दार उघडंच टाकलंत, ते लावा आधी."

ह्यांनी लावलं.